कपात नेमकी कोणावर पडली, ते आधी शोध

कोल्हापूर

अनेक आशीर्वाद.

बिंदू चौकातल्या सभेत ‘सरकारने खर्च आवरावा’ असे म्हणावे की ‘कपात मागे घ्या’ असे, हे तू विचारले आहेस. कोणतीही बाजू घेण्यापूर्वी कपात कोणत्या लेखाशीर्षावर, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या कोणत्या खात्यावर पडली हे शोधून काढ, असे मी तुला आग्रहाने सांगेन. कारण तूट किती असावी याची मर्यादा कायदा घालून देतो, परंतु ती मर्यादा पाळण्यासाठी कोणाचा खर्च तोडायचा, हे राजकारणच ठरवते.

राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात महसुली तूट 45,891 कोटी रुपये आणि राजकोषीय तूट सुमारे 1 लाख 36 हजार कोटी रुपये अंदाजली होती. भाषणात या दोन आकड्यांची गल्लत होऊ देऊ नकोस. राजकोषीय तुटीत, म्हणजे सरकारला एकूण जेवढे कर्ज काढावे लागते त्यात, धरणासाठी काढलेले कर्जही येते. महसुली तूट मात्र पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदाने भागवायलाच महसूल पुरत नाही, असे सांगते, आणि म्हणून ती अधिक काळजीची. तरीही महसुली खर्च म्हणजे उधळपट्टी, असे समजू नकोस. शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरी धरण त्यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी पूर्ण झाले, त्याला आजचे हिशेबनीस भांडवली खर्च, म्हणजे टिकाऊ मालमत्तेवरचा खर्च, म्हणतील. पण 1917 मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यातला शिक्षकांचा पगार महसुली खर्चातच मोडला असता. करवीर संस्थानाला या दोहोंपैकी कोणता खर्च अधिक फळला, हे कोष्टकातून कळणार नाही.

कपात सभागृहात क्वचितच जाहीर होते. मे 2020 मध्ये वित्त विभागाने आरोग्यासारखे मोजके विभाग वगळून इतरांना तरतुदीच्या 33 टक्केच निधी मिळेल आणि नवी भरती होणार नाही, असा शासन निर्णय काढला, म्हणून ती सर्वांना दिसली. एरवी तरतूद अर्थसंकल्पाच्या पुस्तकात जशीच्या तशी राहते, निधी मात्र ‘बीम्स’वर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, येत नाही, आणि कंत्राटदाराचे बिल पुढच्या वर्षावर जाते. म्हणून अर्थसंकल्पीय अंदाज, वर्षाच्या ओघात बदललेला सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तिन्ही रकाने शेजारी ठेवून वाच. यांतला शेवटचा आकडा उशिरा छापला जातो, तोवर वाद विझलेला असतो, आणि नेमका तोच आकडा सर्वांत बोलका असतो.

‘लाडकी बहीण’सारखी दरमहा 1,500 रुपयांची योजना बायकांच्या हातात खरोखर पैसा देते, तिला हिणवू नकोस. पण निवडणुकीच्या तोंडावर सुरू केलेली योजना मागे घेणे कोणत्याही पक्षाला जड जाते, म्हणून पैसा दुसरीकडून ओढला जातो. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी तिच्याकडे वळवला गेला, तेव्हा 2025 मध्ये सत्तेतल्या मंत्र्यानेच उघड नाराजी व्यक्त केली होती. इमारत दुरुस्ती, औषध खरेदी, रिक्त पदे यांच्यासाठी मोर्चा निघत नाही, आणि कात्री तिथेच चालते.

खर्च अर्थसंकल्पाबाहेर ढकलण्याची वाटही कोल्हापूरकरांनी पाहिली आहे. शहरातले रस्ते खासगी कंपनीने बांधायचे आणि टोलमधून वसुली करायची, असे ठरले. कागदावर सरकारचा पैसा वाचला, आणि बोजा गाडीवाल्यांवर आला. प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, अखेर टोल गेला, पण कंपनीची भरपाई सरकारी तिजोरीलाच भरावी लागली.

तेव्हा भाषणासाठी एकच लेखाशीर्ष निवड, शक्यतो जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषधांचे, आणि तीन वर्षांचे तिन्ही रकाने काढ. पुस्तकात मिळाले नाहीत, तर माहिती अधिकारात अर्ज कर. टिपण तयार झाले की माझ्याकडे पाठव, आकडे मी पडताळून देईन.