ग्लीसन ३+३ आला, लगेच ऑपरेशन करायचं का?

तुम्ही लिहिलंय, बाबा ६४ वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा) ६.८, बायोप्सीच्या बारा तुकड्यांपैकी दोनांत ग्लीसन ३+३ (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याची श्रेणी, ३+३ म्हणजे सर्वांत सौम्य). डॉक्टर म्हणतात देखरेखीवर ठेवू, म्हणजे लगेच उपचार न करता नियमित तपासण्या करू; आई म्हणते कॅन्सर आहे तर काढूनच टाका. तुमच्या आईंचं मला कळतं. सहा वर्षांपूर्वी माझा रिपोर्ट जवळपास असाच आला, तेव्हा आमच्या घरीही हेच वाक्य रोज ऐकू यायचं. मी ऑपरेशन केलं नाही, अजून देखरेखीवरच आहे.

मला धीर आला तो ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीमुळे. ५० ते ६९ वयाच्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं देखरेख, ऑपरेशन आणि रेडिएशन अशा तीन गटांत वाटलं होतं. १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले एकूण ४५ जण, आणि तिन्ही गटांत प्रमाण शंभरात दोन-तीन असंच. ऑपरेशन झालेल्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनी लघवीसाठी पॅड वापरत होते, सहा वर्षांनीही १७ टक्के. ऑपरेशननंतरच्या लैंगिक त्रासाबद्दल आपल्याकडे कोणी तोंड उघडत नाही, पण बाबांना तो आधी सांगायलाच हवा.

आता दुसरी बाजू. देखरेखीच्या गटात आजार पसरला ९.४ टक्के लोकांत, बाकी दोन्ही गटांत पाचेक टक्क्यांत. आणि देखरेखीवरच्या साठ टक्क्यांहून जास्त लोकांना पुढे कधीतरी उपचार घ्यावेच लागले किंवा घ्यावेसे वाटले. तेव्हा लक्ष ठेवलं जायचं ते मुख्यतः पीएसएवर. आज एमआरआय आणि ठरावीक काळाने पुन्हा बायोप्सी करतात, म्हणून आजार वाढला तर लवकर सापडतो. पण त्यासाठी तारखा पाळाव्या लागतात. बाबा तपासण्या टाळणारे असतील, किंवा दर रिपोर्टआधी आठवडाभर झोप उडणार असेल, तर उपचार घेणं चुकीचं नाही.

ठरवण्याआधी बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले तुकडे) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. मी मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये दाखवले होते. ३+३ चं ४+३ निघालं तर सगळा विचारच बदलतो. बायोप्सीआधी एमआरआय झाला नसेल तर तोही करून घ्या. घरात कोणाला, बायकांमध्ये स्तनाचा किंवा अंडाशयाचा धरून, लहान वयात कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढच्या भेटीला आईंना सोबत न्या, त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. माझ्या बायकोची भीती तिथेच निम्मी झाली.

एक मात्र तुम्ही लिहिलं नाही. बाबा लघवीच्या त्रासासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेतात का? या गोळ्यांनी काही महिन्यांत पीएसए साधारण निम्मा होतो. तसं असेल तर ६.८ म्हणजे खरे तेरा-चौदा धरावे लागतील, आणि मग हा आजार कमी जोखमीचा मानता येणार नाही. आज गोळ्यांची पाकिटं बघून कळवा.