ईव्ह ऑनलाइनच्या बाजारात समोरचा दर वेळी एक पायरी खालचा भाव लावत असेल, तर विकणाऱ्याने काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ईव्ह ऑनलाइन या इंटरनेटवरच्या अंतराळ-खेळात तुम्ही जिटाच्या, म्हणजे त्यातल्या सर्वांत मोठ्या, बाजारात प्रत्येकी पाच लाख इस्क (हे खेळातले चलन) भावाने दोनशे ड्रोन विकायला लावले, दहा मिनिटांत कोणी तरी तुमच्यापेक्षा एकच पायरी खालचा भाव लावला, तुम्ही त्याच्या खाली गेलात, तो पुन्हा तुमच्या खाली आला, आणि रात्र सरली तरी माल हलला नाही. ही लबाडी नव्हे काय आणि यावर उपाय कोणता, असे तुम्ही विचारता.

ही लबाडी नाही. तो माणूस तुमचे गिऱ्हाईक पळवत नाही, तो रांगेतली पहिली जागा विकत घेतो. ही जागा एके काळी जवळजवळ फुकट मिळत असे, आता तिला चांगलीच किंमत पडते, आणि तुमचे नुकसान भाव उतरवल्याने होत नसून ती जागा हिशेब न करता पुन्हा पुन्हा विकत घेतल्याने होत आहे, असे माझे ठाम मत आहे. मी हा खेळ २०१५ पासून खेळतो आणि त्यातला बहुतेक वेळ लढाईपेक्षा व्यापारातच गेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आइसलंडच्या सीसीपी कंपनीने मे २००३ मध्ये हा खेळ सुरू केला, तेव्हापासून त्याचा बाजार खेळाडूंच्याच हाती आहे. जहाजे, शस्त्रे, दारूगोळा यांतला बहुतेक माल खेळाडू बनवतात, खेळाडू वाहून नेतात आणि खेळाडूच विकतात. या बाजाराचा पसारा एवढा आहे की कंपनीने २००७ मध्ये त्यावर लक्ष ठेवण्यासाठी एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थतज्ज्ञाची नेमणूक केली होती. व्यापाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. तुमचा ड्रोन आणि शेजाऱ्याचा ड्रोन यांत तिळमात्र फरक नसतो. आपल्या गल्लीतला वाणी दोन रुपये जास्त घेत असला तरी त्याची उधारी असते, ओळख असते, मालाची खात्री असते, म्हणून आपण त्याच्याकडे जातो. जिटामध्ये यांतले काहीच नाही. घेणारा यादी उघडतो आणि सर्वांत वरच्या ओळीवरचा, म्हणजे सर्वांत स्वस्त, माल उचलतो. माल तंतोतंत सारखा असेल आणि गिऱ्हाईक फक्त भाव पाहत असेल, तर विकणारे दोघेच असले तरी भाव उत्पादनखर्चापर्यंत घसरत जातो, हे जोसेफ बर्ट्रांड या फ्रेंच गणितज्ञाने १८८३ मध्येच मांडले होते. म्हणून ‘सगळ्यांनी मिळून भाव धरून ठेवू या’ हा विचार जिटामध्ये टिकत नाही, कारण जो पहिला शब्द मोडतो त्याचा सगळा माल त्याच दिवशी विकला जातो.

आता जुनी गोष्ट सांगतो, कारण आजचे नियम तिच्यामुळेच समजतात. २०२० पर्यंत भाव इस्कच्या शंभराव्या भागाने, म्हणजे आपल्या हिशेबात एका पैशाने, कमी करता येत असे. २०१८ च्या पावसाळ्यात मी ‘डॅमेज कंट्रोल टू’ हा जहाजावर बसवायचा भाग विकत होतो. माझा भाव ५,४८,९००.०० होता. एकाने ५,४८,८९९.९९ लावला, मी ५,४८,८९९.९८ वर गेलो, आणि तिथून खेळ सुरू झाला. एकदा भाव बदलला की पाच मिनिटे पुन्हा हात लावता येत नाही, म्हणून मी घड्याळाकडे पाहत बसलो होतो. युरोपातली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र, आणि खरी गिऱ्हाइकी त्याच वेळी असते. साडेदहाला सुरू झालेली ही चढाओढ पावणेदोनला थांबली, तोवर आम्ही दोघांनी मिळून भाव एक इस्कसुद्धा उतरवला नव्हता. घेणाऱ्याला काही स्वस्त मिळाले नाही, आम्हाला काही जास्त मिळाले नाही. ज्याने शेवटचे बटण दाबले असेल, त्याचा माल गेला. पैशाने नव्हे, जागरणाने रांगेतली जागा मिळत होती.

ती चढाओढ थांबली ती तिसऱ्या माणसामुळे. त्याने दोनशे नग एकदम ५,२०,००० भावाने लावले. मी चिडलो, भाव पाडणारा म्हणून त्याला मनातल्या मनात बरेच काही बोललो. माझा प्रतिस्पर्धी मात्र चिडला नाही. त्याने ते दोनशे नग दोन मिनिटांत उचलले आणि स्वतःच्या भावाला परत लावले. नगामागे २८,९०० इस्कचा फरक होता, त्यातून त्या वेळची दलाली आणि विक्रीकर वजा जाऊनही त्याच्या हाती काही तरी उरतच होते, आणि त्या मालाचा रोजचा खप पाहता दोनशे नग एका दिवसाच्या आत संपणार होते. तिसऱ्याला रोख हवी होती, ती त्याला मिळाली. त्या रात्री बाजार नीट वाचणारा एकच माणूस होता आणि तो मी नव्हतो. एका पैशाने भाव कमी करणे आणि पाच टक्क्यांनी भाव पाडणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले. पहिलीत फक्त रांगेतली जागा बदलते, दुसरीत खरोखर किंमत बदलते, आणि दुसरीला उत्तर द्यायचे ते तिच्या खाली जाऊन नव्हे, तर तो माल आपणच घ्यावा की काय याचा हिशेब करून.

मार्च २०२० मध्ये कंपनीने दोन बदल केले. पहिला असा की भावात फक्त पहिले चार अंक मोकळे राहिले, पुढे सगळी शून्ये. त्यामुळे पाच लाखांच्या मालाची सर्वांत लहान पायरी आता एका पैशाऐवजी शंभर इस्क आहे. ही पायरी टक्क्यांत सगळीकडे सारखी नाही, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. दहा लाखांच्या मालाला ती हजार इस्क, म्हणजे एक दशांश टक्का पडते. नऊ लाख नव्व्याण्णव हजारांच्या मालाला ती शंभरच इस्क, म्हणजे एक शतांश टक्का पडते. ज्या मालाचा भाव दहा लाख, एक कोटी, दहा कोटी अशा टप्प्याच्या जरा वर असतो तिथे खाली जाणारा दोनदा विचार करतो, टप्प्याच्या जरा खाली असतो तिथे कुरतडणे अधिक चालते. माल निवडताना मी हे पाहतो.

दुसरा बदल अधिक मोठा होता. ऑर्डरचा, म्हणजे विकायला लावलेल्या मालाच्या नोंदीचा, भाव बदलला की त्या ऑर्डरमधल्या मालाच्या एकूण किमतीवर पुन्हा दलाली द्यावी लागते. खेळातल्या तुमच्या पात्राने काहीच खास कौशल्य शिकलेले नसेल तर ती मूळ दलालीच्या निम्मी असते. ‘ॲडव्हान्स्ड ब्रोकर रिलेशन्स’ हे कौशल्य पाचव्या पातळीपर्यंत नेले तर ती एक पंचमांशावर येते. तुमचाच हिशेब मांडू. दोनशे ड्रोन, प्रत्येकी पाच लाख, म्हणजे दहा कोटींचा माल. दलाली दीड टक्का धरली तर ऑर्डर लावताना पंधरा लाख गेले. आता तुम्ही एक पायरी खाली येता, नगामागे शंभर इस्क, म्हणजे दोनशे नगांवर वीस हजार. एवढेच गेले असे तुम्हाला वाटते. पण त्याच क्षणी भावबदलाची दलाली म्हणून साडेसात लाख जातात, म्हणजे भावात सोडले त्याच्या सदतीसपटीहून जास्त. असे दहा वेळा केले की पाऊण कोटी गेले, मालाच्या किमतीच्या साडेसात टक्के, आणि ड्रोनसारख्या मालात एवढा नफा बहुधा सुटतही नाही. कौशल्य पूर्ण असेल तरी प्रत्येक बदलाला तीन लाख जातातच. तुम्ही म्हणता त्या रात्री तुम्ही किती वेळा भाव बदलला ते वॉलेटमधल्या नोंदींत उघडून पाहा. तोटा त्या ओळींत सापडेल.

म्हणून भाव उतरवायचाच असेल तर एक पायरी उतरवू नका, एकदाच नीट उतरवा. तुम्ही पाच लाखांवरून थेट ४,९६,००० वर आलात तर भावात आठ लाख सोडले, म्हणजे जेमतेम एका भावबदलाच्या दलालीएवढे. या एका उतरणीमुळे पुढचे दोन बदल जरी वाचले तरी तुम्ही फायद्यात आहात. समोरच्याला तुमच्या मागोमाग खाली यायचे असेल तर त्यालाही दलाली भरावी लागते, आणि चार हजारांनी खाली आलेला माणूस पाहून तो निदान थांबून हिशेब तरी करतो.

पण त्याआधी समोरच्या ओळीतला आकडा वाचा. भाव नव्हे, नगांची संख्या. तुमच्या खाली आलेल्याकडे बारा नग असतील आणि त्या ड्रोनचा रोजचा खप चारशे असेल, तर त्याच्यासाठी साडेसात लाख कशाला भरायचे? तो अर्ध्या-पाऊण तासात संपेल आणि तुम्ही आपोआप वर याल. रोजचा खप त्याच खिडकीत भावाच्या इतिहासाखाली दिसतो. मी कोणताही माल घेण्यापूर्वी तो पाहतो आणि एका ऑर्डरमध्ये शक्यतो एका दिवसाच्या खपाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त माल लावत नाही. ऑर्डर नव्वद दिवस टिकते, ती दहा मिनिटांत संपली पाहिजे असे नाही. खेळाचा सर्व्हर रोज आपल्या वेळेप्रमाणे दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो. तो सुरू झाल्यानंतर एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा एवढेच मी भावांकडे पाहतो, आणि त्यातही निम्म्या वेळा हात लावत नाही.

रांगेचा नियम बदलला की माणसे कशी वागतात तेही बदलते, हे इतर ठिकाणी स्पष्ट दिसते. ईव्हमध्ये भाव सारखा असेल तर आधीची ऑर्डर आधी विकली जाते, म्हणून पुढे जायला खाली यावेच लागते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या दुसऱ्या ऑनलाइन खेळाच्या लिलावघरात जानेवारी २०२० मध्ये कच्च्या मालाला उलटा नियम आला, सारख्या भावात शेवटी लावलेला माल आधी जात असे; तिथे भाव पाडण्याची गरजच नव्हती, बरोबरीचा भाव पुरत असे. आपल्या राष्ट्रीय शेअर बाजारातही आधी भाव आणि मग वेळ असाच क्रम आहे, आणि तिथे जून २०२४ मध्ये अडीचशे रुपयांखालच्या शेअरची पायरी पाच पैशांवरून एक पैसा केली गेली. ईव्हने पायरी मोठी केली, मुंबईने लहान केली. मुंबईत रांगेत शेकडो सौदे एका क्षणात जुळतात आणि लहान पायरीने घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांतले अंतर घटते. जिटामध्ये लहान पायरीने फक्त जागणाऱ्यांची सोय होत होती.

एका प्रकारच्या विक्रेत्याशी मात्र कधीही स्पर्धा करू नका. काही खेळाडू स्वतः खणलेले खनिज फुकट आहे असे समजून त्याच्या बाजारभावापेक्षाही स्वस्तात ड्रोन विकतात. खनिज तसेच विकले असते तर त्यांना जास्त मिळाले असते, पण घरच्या माणसांची मजुरी न धरता पिकाचा खर्च काढावा तसा त्यांचा हिशेब असतो. त्यांच्या खाली जाणे म्हणजे आपलेही मुद्दल घालवणे. त्यांचा माल थोडा असेल तर तो विकत घ्या, पुष्कळ असेल तर तेवढे दिवस दुसरा माल धरा.

तुमच्या दोनशे ड्रोनबद्दल विचाराल तर मी आज भावाला हात लावणार नाही. आधी त्या ड्रोनला लागणाऱ्या साहित्याचा आजचा भाव, दलाली आणि विक्रीकर मिळून तुम्हाला नग केवढ्याला पडतो ते कागदावर लिहा. तो आकडा ४,७०,००० च्या आत असेल तर उद्या साडेचारनंतर एकदाच ४,९५,००० च्या आसपास या आणि दोन दिवस सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर ऑर्डर रद्द करा; भरलेली दलाली परत येणार नाही, पण माल तुमचाच राहतो. तो अमार किंवा डोडिक्सीच्या बाजारात न्या, तिथे खप कमी असला तरी विकणारेही थोडे असतात. फक्त दहा कोटींचा माल एकाच नाजूक जहाजात भरून नेऊ नका.