जर्मन लीडमध्ये, म्हणजे कवितेला चाल लावून एक आवाज आणि पियानोसाठी रचलेल्या गाण्यात, कवितेतल्या भावना संगीतातून कशा दिसतात? जर्मन येत नसेल तर काही कळतं का?

कळतं, नक्की कळतं, फक्त गाणाऱ्या आवाजाइतकंच पियानोकडे लक्ष ठेवा. आपल्याला सवय असते गायक पुढे आणि पेटी-तबला साथीला अशी, लीडमध्ये पियानो साथीला नसतोच, अर्धी कविता तोच बोलतो.

मला हे पहिल्यांदा समजलं ते ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टच्या 'ग्रेटशेन आम श्पिनराड' ('चरख्यावर बसलेली ग्रेटशेन') या गाण्यामुळे. शब्द जर्मन कवी गटेच्या 'फाउस्ट' नाटकातले. ग्रेटशेन एकटी सूत कातत बसलीय आणि प्रियकर फाउस्टच्या आठवणीने तिचा जीव थाऱ्यावर नाहीये, एवढाच प्रसंग. शूबर्टने हे १९ ऑक्टोबर १८१४ ला लिहिलं तेव्हा तो १७ वर्षांचा होता, मला अजूनही हे खरं वाटत नाही.

सुरुवातीलाच पियानोवर उजवा हात गोल गोल फिरायला लागतो, ते चरख्याचं चाक, आणि खाली डाव्या हातात जे तुटक तुटक ठोके येतात ते पायाने दाबायच्या फळीचे. पण नुसता चरख्याचा आवाज काढला असता तर ती एक गंमत झाली असती, इथे ते चाक म्हणजेच तिचं डोकं आहे, तोच तोच विचार फिरतोय आणि थांबवता येत नाहीये. ती फाउस्टचं वर्णन करायला लागते, त्याची चाल, त्याचं हसू, त्याचे डोळे, तसतशी सुरावट वर चढत जाते, पियानो जोरात व्हायला लागतो, आणि ती 'झाइन कुस' म्हणते म्हणजे 'त्याचं चुंबन', आणि चाक थांबतं. एकदम थांबतं. कातायचं भानच राहिलेलं नाही तिला, आणि हे कवितेत कुठेही लिहिलेलं नाहीये बरं का, गटेने 'हात थांबला' असं म्हटलेलंच नाही, ते शूबर्टला दिसलं.

त्यानंतरचे काही सेकंद नीट ऐका, मी हेडफोन लावून ते किती वेळा मागे नेऊन ऐकलेत याची गणतीच नाही. पियानो थोडंसं फिरतो, थांबतो, परत थोडंसं, परत थांबतो, मग कुठे चाक सुरू होतं. रडून झाल्यावर माणूस हातातलं काम परत धरतो ना, अगदी तसं.

अजून एक, गटेची कविता संपते ती त्याच्या चुंबनात विरून जावंसं वाटतं या उत्कट इच्छेवर. शूबर्टने तिथे संपवलं नाही, आवाज सगळ्यात वरच्या सुरापर्यंत नेला आणि मग कवितेची पहिली ओळ परत आणली, 'माइनं रू इस्ट हिन', माझी शांतता गेली, आता अगदी हळू आवाजात. म्हणजे ती जिथे होती तिथेच आहे, सुटका नाहीच. कवीच्या शब्दांत असा बदल करायला हिंमत लागते, आणि माझ्या मते तो बदल बरोबर आहे.

सुरुवात करायची तर डच गायिका एली आमेलिंगचं रेकॉर्डिंग ऐका. पहिल्यांदा अर्थ न बघता, मग कवितेचं भाषांतर वाचून, आणि तिसऱ्यांदा फक्त पियानो. साधारण साडेतीन मिनिटांचं गाणं आहे.