छिंगमिंग हा चिनी लोकांचा पितृपक्ष आहे का?

तुम्ही विचारलंय की शांघायमधले तुमचे सहकारी एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग या सणाला पूर्वजांच्या थडग्यांवर जायला सुट्टी घेतात, तर याला त्यांचा पितृपक्ष समजायचं का, आणि त्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या का. मी बरीच वर्षं सिंगापूरला राहते. शेजारच्या होक्कियन (मूळच्या चीनच्या फुजियान प्रांतातल्या) कुटुंबाबरोबर त्यांच्या कबरस्तानातही गेले आहे, त्यामुळे जमेल तेवढं सांगते.

पितृपक्ष म्हणू नये असं मला वाटतं. आपण त्या पंधरवड्यात लग्नं, खरेदी, गृहप्रवेश टाळतो. तसं सावट चिनी पंचांगात सातव्या चांद्रमासावर असतं, भुकेले आत्मे त्या महिन्यात फिरतात अशी समजूत आहे. छिंगमिंग वसंतातला आहे. वसंतसंपातानंतर साधारण पंधरा दिवसांनी, म्हणजे बहुतेक वर्षी ४ किंवा ५ एप्रिलला येतो. सूर्याच्या गतीवर ठरत असल्याने तारीख फारशी हलत नाही.

फोटोंमध्ये कागदी नोटा जाळतानाच दिसतात, म्हणून तोच मुख्य विधी असेल असं वाटतं. माझ्या मते सणाचा गाभा आहे साफसफाई. लोक कोयता, खराटा, बादली आणि रंगाची डबी घेऊन पहाटेच निघतात. आधी शेजारच्या भूमिदेवतेला उदबत्ती लावायची आणि मग गवत कापायचं, पालापाचोळा झाडायचा, दगड घासायचा. कोरलेली अक्षरं पुसट झाली असतील तर बारीक ब्रशने त्यांत पुन्हा रंग भरायचा. आमच्या शेजारच्या आजी हे काम नातवंडांना वाटून देत आणि हा कोण, तो कोणाचा भाऊ, हे रंग भरता भरता सांगत. सगळं झालं की थडग्यावर रंगीत कागद पसरून त्यांवर दगड ठेवतात. या घरची माणसं येऊन गेली, याची ती खूण.

मग नैवेद्य: उकडलेली कोंबडी, डुकराचं मांस, फळं, चहा, मद्य आणि मूगडाळीचं सारण भरलेली, कासवाच्या आकाराची तांदळाची लाल मिठाई. उदबत्त्या जळेपर्यंत थांबायचं आणि मग दोन नाणी टाकून विचारायचं, जेवण झालं का? एक छापा आणि एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली की आजी पुटपुटत पुन्हा टाकत, आणि सगळ्यांच्या नजरा त्या नाण्यांवर. पिंडाला कावळा शिवायची वाट बघणारी आपली माणसं मला तिथे हटकून आठवतात. हो मिळालं की कागदी नोटा, कपडे, हल्ली कागदी मोबाइलसुद्धा जाळतात, आणि नैवेद्य सगळे मिळून खातात.

(सिंगापूरचं बुकित ब्राउन कबरस्तान जमलं तर बघा. १९२२ साली सुरू होऊन १९७३ मध्ये ते बंद झालं. तिथे श्रीमंतांच्या काही थडग्यांवर पगडीवाल्या शीख पहारेकऱ्यांचे पुतळे आहेत.)

हे सगळं आता आटत चाललंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जागाच नाही. सिंगापूरमध्ये १९९८ पासून दफनाची मुदत १५ वर्षांची आहे. त्यानंतर अवशेष काढावे लागतात, आणि चिनी कुटुंबं ते दहन करून अस्थिकलश भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कोनाड्याला ना गवत ना झाडलोट, त्यामुळे मुलांच्या हाताला काम उरत नाही, आणि कामाबरोबर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीही कमी होतात. शांघायमध्येही दहनच होतं. अनेकांच्या घरच्यांच्या अस्थी जवळच्या सुचौ भागात पुरलेल्या असतात, म्हणून या दिवसांत त्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात.

सणाच्या मागे एक आख्यायिका सांगतात. प्राचीन चीनमधल्या जिन राज्याच्या राजपुत्राला हद्दपारीत साथ देणारा च्ये झत्वे, राजपुत्र गादीवर बसल्यावर बक्षीस न घेता आईला घेऊन डोंगरात निघून गेला. त्याला बाहेर काढायला राजाने जंगलाला आग लावली आणि मायलेक त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ चूल न पेटवता थंड जेवण जेवायचा दिवस सुरू झाला. ७३२ साली तांग सम्राट श्वानझोंगने त्या दिवसाच्या कबरभेटीला अधिकृत मान्यता दिली, आणि पुढे तो दिवस लगतच्या छिंगमिंगमध्ये मिसळला. चीनच्या मुख्य भूमीवर याची सार्वजनिक सुट्टी मात्र २००८ पासूनची.

आता शुभेच्छांचं. 'हॅपी छिंगमिंग' असं लिहू नका, ते खटकतं. सुट्टीवरून परत आल्यावर घरी जाऊन आलात का, घरचे कसे आहेत, एवढं विचारलंत तर पुरे. त्या आठवड्यात मुदतीची कामं ठेवू नका. आणि कधी या दिवसांत शांघायला गेलात तर छिंगत्वान जरूर खा. रानभाजीच्या रसाने हिरवे केलेले चिकट तांदळाचे ते गोळे असतात, आत बहुधा लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण. ते याच मोसमात सगळ्यात जास्त मिळतात आणि ताजेच चांगले लागतात.