पाळणाघराला अनुदान मिळतं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नाशिकला सिडकोत घरातच पाळणाघर चालवते, 6 वर्षं झाली. 14 मुलं आहेत, बहुतेकांचे आईवडील अंबड-सातपूरच्या कंपन्यांत. सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरतोय की पाळणाघर चालवणाऱ्या महिलांना केंद्र सरकार 5 लाख अनुदान देतं. आमच्या भागातला एकजण फाईल करून देतो म्हणतोय, त्याचे 8 हजार मागतोय. देऊ का?

उत्तर : ताई, देऊ नका. एक रुपयाही नको.

त्या मेसेजमागे बहुतेक 'पाळणा' योजनेचं नाव वापरलंय. योजना खरी आहे, केंद्राच्या 'मिशन शक्ती' या महिलांसाठीच्या कार्यक्रमातली, 1 एप्रिल 2022 पासूनची, पण ती तुमच्या-माझ्यासारखीच्या घरगुती पाळणाघराला पैसे द्यायला काढलेलीच नाहीये. यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40 टक्के पैसे असतात, आणि ते राज्य सरकारमार्फत खर्च होतात, मुख्यतः जिथे अंगणवाडी आधीपासून आहे तिथेच पाळणाघर जोडून. 6 महिने ते 6 वर्षांची साधारण 25 मुलं, एक सेविका, एक मदतनीस, महिन्याला 26 दिवस, रोज साडेसात तास, असा त्याचा साचा आहे. महाराष्ट्रात 2025 मध्ये पहिल्या टप्प्यात अशा 345 केंद्रांना मंजुरी मिळाली. म्हणजे पैसा आहे, पण तो वैयक्तिक अर्जाने कुणाच्या खात्यात येत नाही. खात्री करायची तर जवळच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, तिथे विचारायला 8 हजार लागत नाहीत.

मला या फाईलवाल्यांचा मनापासून राग येतो, कारण 14 मुलांच्या पाळणाघरात महिन्याच्या शेवटी किती उरतं ते मला माहितीये. सकाळी आठला दारात चपलांची रांग, ओट्यावर मार्करने नाव लिहिलेले डबे, कुणाचा वरणभात मऊ करायचा, कुणाला दूध पचत नाही, दुपारी एका रांगेत घातलेल्या गोधड्या आणि त्यातलं एक पोर हमखास न झोपणारं. हे सगळं करून मावशींचा पगार, गॅस, लाईटबिल दिलं की हातात जे राहतं त्यातून कुणी 8 हजार काढून न्यावेत हे मला सहन होत नाही.

आता तुम्हाला खरंच काय मिळू शकतं ते सांगते. पहिलं, मुद्रा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची सरकारी कर्जयोजना. शिशु गटात 50 हजारांपर्यंत, तारण लागत नाही. पण ते कर्ज आहे, अनुदान नाही, फेडायचंच आहे, त्यामुळे खेळणी किंवा रंगरंगोटीसाठी घेऊ नका. पाण्याचा फिल्टर, इन्व्हर्टर, खिडक्यांना जाळ्या अशा गोष्टींसाठी घेतलं तर अर्थ आहे. बँकेत जायच्या आधी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घ्या, सरकारी पोर्टलवर ती फुकट होते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिकडे कुणी बघतच नाही. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर मालकाला पाळणाघराची सोय करावीच लागते, आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाऊ द्यावं लागतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आहे, आणि तिथे मालकाने स्वतःचंच बांधलं पाहिजे असं नाही, खाजगी किंवा संस्थेच्या पाळणाघराची सोय घेतली तरी चालते असं स्पष्ट लिहिलंय. तुम्ही अंबड-सातपूरच्या जवळ आहात! तुमच्याकडे आत्ता ज्या आया मुलं सोडतात त्यांच्याच कंपनीच्या एचआरला एक साधं पत्र द्या. किती मुलं घेऊ शकता, वेळ काय, फी काय, जागेचे 4 फोटो. त्यातल्या एकाही कंपनीने 5 मुलांची फी दर महिन्याला भरली तरी एकदाच मिळणाऱ्या रकमेपेक्षा तो आधार मोठा आहे. एकाने नाही म्हटलं तर पुढच्या गेटवर जा.

प्रश्न : माझी बहीण न्यू जर्सीत घरी 4 मुलं सांभाळते. तिच्या ओळखीच्या बाईंना 2021-22 मध्ये त्यासाठी सरकारी ग्रँट मिळाली होती, परत करायचीसुद्धा नव्हती म्हणे. तिला आता मिळेल का? (ठाणे)

उत्तर : ती कोविडच्या काळातली मदत होती. 2021 च्या कायद्याने अमेरिकेत चाइल्ड केअर सावरायला 24 अब्ज डॉलर दिले, राज्यांमार्फत, आणि घरगुती चालवणाऱ्यांनाही ते भाडं, पगार, सामानासाठी मिळाले. 30 सप्टेंबर 2023 ला ते संपलं. आता बहिणीने फूड प्रोग्रॅमची चौकशी करावी, सीएसीएफपी म्हणतात त्याला. त्यात मुलांना दिलेल्या जेवणाचे पैसे परत मिळतात, एका मुलामागे दिवसाला जास्तीत जास्त दोन जेवणं आणि एक खाऊ किंवा एक जेवण आणि दोन खाऊ. घरगुती पाळणाघर असेल तर एका स्पॉन्सर संस्थेमार्फतच जावं लागतं. आधी राज्याच्या नियमाने नोंदणी करून घ्यायला सांगा, आणि तिच्या व्हिसावर काम करायला परवानगी आहे ना ते त्याहून आधी बघा.

प्रश्न : आमचं महिला मंडळ नोंदणीकृत आहे (सातारा जिल्हा). ऊसतोडीच्या आणि वीटभट्टीच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर काढायचंय. पूर्वी संस्थांना अनुदान मिळायचं असं ऐकलं, आता कुठे अर्ज करायचा?

उत्तर : तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, कारण उसाच्या फडाच्या कडेला साडीच्या झोळीत ठेवलेलं बाळ आणि त्याच्याशेजारी राखणीला बसवलेली सहा-सात वर्षांची बहीण मी बघितलीये, ती बहीण शाळेत असायला हवी होती.

ऐकलंत ते खरं आहे. जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत संस्था केंद्र चालवायच्या. 60 टक्के केंद्र, 30 टक्के राज्य आणि 10 टक्के संस्थेने स्वतः घालायचे. पालकांकडून दारिद्र्यरेषेखाली असतील तर महिन्याला 20 रुपये, बाकीच्यांकडून उत्पन्नाप्रमाणे 100 नाहीतर 200. आता 'पाळणा' आल्यावर तो रस्ता बदलला. त्यामुळे तुम्ही जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात लेखी मागणी द्या की अमुक गावात, अमुक भट्ट्यांवर इतकी लहान मुलं आहेत, इथल्या अंगणवाडीला पाळणा जोडा. मुलांची यादी वयासकट सोबत लावा. यादी नसलेलं पत्र नुसतं पडून राहतं.

स्वतःच चालवायचं असेल तर सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्च करायचा पैसा. 500 कोटींचं नेटवर्थ किंवा 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा, यातलं एक असलेल्या कंपनीला मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. पण तुमच्याकडे 12ए, 80जी (या आयकर खात्याकडच्या), सीएसआर-1 (ही सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची) या नोंदण्या आणि तशाच कामाचा 3 वर्षांचा अनुभव लागतो. नुसतं नोंदणी सर्टिफिकेट पुरत नाही. म्हणून या हंगामात 8-10 मुलांवर का होईना, सुरू करा आणि पहिल्या दिवसापासून हजेरी, वजनाची नोंद, खर्चाची पावती ठेवा, भाजीवाल्याकडून कच्ची चिठ्ठी मिळाली तरी तारीख घालून चिकटवा.

आणि एक गोष्ट अनुभवाची. आमच्या संस्थेच्या पाळणाघराच्या अनुदानाचा हप्ता एका वर्षी 9 महिने रखडला होता, कागद सगळे वेळेत दिलेले असूनही. त्या 9 महिन्यांत आमच्या मदतनीस मावशींनी स्वतःच्या नावावर किराणा उधार आणला आणि खिचडी एकही दिवस बंद पडू दिली नाही, आम्हाला त्यांनी ते दोन महिन्यांनी सांगितलं. तेव्हापासून आम्ही मावशींच्या 3 महिन्यांच्या मानधनाइतके पैसे बाजूला असल्याशिवाय नवीन केंद्र उघडतच नाही. तुम्हीही आधी तेवढे साठवा, मंडळाच्या बायकांकडून महिना 50-50 गोळा करून का होईना, आणि ते वेगळ्या खात्यात ठेवा.