आनंदी राहणं खरंच आपण ठरवायचं असतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: नोकरी जाऊन काही महिने झाले, घरचे रोज सांगतात की आनंदी राहायचं की नाही हे आपणच ठरवायचं असतं, मग मला ते का ठरवता येत नाही, माझ्यातच काही खोट आहे का?

खोट तुमच्यात नाही. आधी एवढं सांगतो, बाकीचं मागाहून वाचलंत तरी चालेल.

माझं मत स्पष्ट आहे. आनंद ठरवून होत नाही. त्याच्या आजूबाजूच्या काही गोष्टी ठरवता येतात, आणि त्या ठरवायची ताकदही सगळ्यांकडे सगळ्या वेळी सारखी नसते. मी हे पुस्तकं वाचून बोलत नाही. मी कोल्हापूर जिल्ह्यात, करवीर तालुक्यातल्या एका गावात विकास सेवा सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचा, सचिव आहे. पीककर्ज, व्याज, वसुली हेच रोजचं काम. आमच्याकडचा शेतकरी म्हणजे ऊसवाला. ऊस कारखान्याला जातो, त्याचं बिल म्हणजे उसाचे पैसे बँकेत जमा होतात, त्यातून सोसायटीची कपात होते आणि उरेल ते घरी जातं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा, त्यात ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असं लिहिलंय. पण किती हंगाम असे गेलेत की माणसं बिलाची वाट बघत बसलीत.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत माणूस कसा असतो ते मी अगदी समोर बसून बघतो. काउंटरला येतो, व्याज किती झालं विचारतो. मी आकडा सांगतो. तो पासबुक उघडतो, मिटतो, खिशात घालतो, परत काढतो आणि पुन्हा तेच विचारतो. सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं तरी पेन शेजारच्या रकान्यावर जातं. पुढ्यात ठेवलेला चहा तसाच राहतो. कारण डोक्यात पोरीची फी आहे, ऊसतोड टोळीच्या मुकादमाला द्यायचे पैसे आहेत, खताची उधारी आहे. बिल जमा झालं की हाच माणूस दारातूनच हाक मारत येतो. मी कॅल्क्युलेटर हातात घेईपर्यंत तोंडी हिशेब करून व्याज सांगून मोकळा होतो. आणि बरोबर सांगतो! घर तेच, बायकापोरं तीच, स्वभाव तोच. मधल्या काळात त्यानं कुठला निश्चय केला म्हणून हा फरक पडलेला नसतो.

हे फक्त माझ्या डोळ्यांना दिसतं असं नाही. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आला होता. संशोधकांनी एकाच शेतकऱ्याला दोनदा गाठलं, उसाचे पैसे यायच्या आधी हात आखडलेला असताना आणि पैसे आल्यावर. विचारशक्तीच्या त्याच त्या चाचण्यांत पैसे यायच्या आधी तीच माणसं मागे पडत होती. म्हणजे काळजी डोक्यात जागा अडवून बसते. आता बघा, ‘आनंदी राहायचं ठरव’ असं आपण ज्याला सांगतो त्याला ते ठरवायला तरी डोकं मोकळं पाहिजे ना? नेमकं तेच त्याच्याकडे त्या वेळी नसतं. तुमच्याकडेही आत्ता ते नाही, आणि त्याचं कारण नोकरी गेली हे आहे. तुमचं मन कमकुवत आहे हे नव्हे.

मग ‘आनंद आपल्या हातात’ हे आलं कुठून? २००५ साली काही अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक मांडणी केली होती. माणसामाणसांतल्या आनंदाच्या फरकाचा साधारण ५० टक्के भाग जन्मजात ठेवणीचा, १० टक्के परिस्थितीचा आणि ४० टक्के आपण जाणूनबुजून करतो त्या गोष्टींचा. व्याख्यानं देणाऱ्यांनी हे ४० टक्के उचलले आणि गावोगाव पोचवले. पण ते आकडे अनेक माणसांच्या तुलनेतून काढलेले होते. एकट्या माणसाच्या आनंदातला इतका हिस्सा त्याच्या मुठीत आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. पुढं त्याच संशोधकांनी आक्षेपांचा विचार करून मान्य केलं की हा आपल्या हातातला वाटा आधी धरला होता त्याहून कमी असू शकतो. ही दुसरी गोष्ट मात्र कुठल्या व्याख्यानात ऐकू येत नाही. याची मला मनापासून चीड येते, कारण पहिली ऐकून घरी गेलेली माणसं स्वतःला दोष देत बसतात. आधीच दुःख, वर दुःखी असल्याची शरम.

यावर लोक म्हणतात, झोपडीतली माणसं हसतात आणि बंगल्यातली रडतात, ते कसं? हसतात, हे खरं आहे. काहींचा स्वभावच तसा असतो, आणि स्वभावाचा मोठा भाग आपण जन्मालाच घेऊन येतो हे जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसलंय. पण झोपडीतल्या माणसाचं हसू बघून ‘याला काही कमी नाही’ असं म्हणणं मला पटत नाही. त्याला रात्री झोप लागते का, हे आपण कुठं विचारलेलं असतं?

२०१९ चा कोल्हापूरचा महापूर आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. चिखली, आंबेवाडीपासून शहरातल्या शाहूपुरीपर्यंत पाणी. आमच्या भागातली बरीच माणसं एका मंगल कार्यालयात होती. सगळं मागं बुडालेलं, आणि तरी तिथं हसणं ऐकू यायचं. बायका एका ओळीत बसून भाकरी थापायच्या, एकमेकींच्या भाकरीला नावं ठेवायच्या. एक आजी म्हैस सोडून नावेत बसायला तयार नव्हती, तिला कसंबसं आणलेलं. तिची म्हैस उंचावरच्या रानात सुखरूप आहे असा फोन आला तेव्हा सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. आजी पदर डोळ्याला लावून रडत होती आणि हसत होती.

पाणी उतरल्यावर माणसं घरी गेली. भिंतीला कमरेच्या वर चिखलाची रेघ, कणगीतलं धान्य कुजून आंबलेलं, भिजलेली गादी, पोरांच्या वह्यांचा लगदा. खरं खचणं तेव्हा सुरू झालं, जो तो आपापल्या घरात. कार्यालयात कुणी आनंदी राहायचं ठरवलं नव्हतं. तिथं माणसं होती, हाताला काम होतं, सगळ्यांचं दुःख सारखं होतं आणि कुणी कुणाला ‘हसत राहा’ म्हणत नव्हतं.

आणखी एक गोष्ट, कोल्हापूरकरांना माहीत असलेली. शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं होतं. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलं आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. त्यांनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल टाकलं. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांचा चहा घ्यायला लागले, बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. आता त्या मार खाल्लेल्या माणसाला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं की गंगाराम, आनंद हा तुझा निर्णय आहे, तर ते केवढं निर्दय झालं असतं! निर्णय घेण्यासारखा होता तो महाराजांच्या हातात, आणि त्यांनी तो घेतला. मला या सगळ्या चर्चेत हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्वतःच्या आनंदावर माणसाचा ताबा थोडाच असतो, पण दुसऱ्याचा दिवस सुसह्य करणं बऱ्याचदा त्याच्या हातात असतं. ‘ठरव’ हा उपदेश दुःखी माणसाला करण्यापेक्षा त्याच्या भोवतीच्यांना केला पाहिजे.

तर आत्ता तुमच्या हातात काय आहे? मन लागेल तेव्हा करू म्हणून थांबू नका, कारण मन आधी लागत नाही. आधी उठून काहीतरी करायचं, मन मागून येतं, कधी येतं कधी येत नाही. नैराश्यावर उपचार करणारे तज्ज्ञही हाच मार्ग वापरतात, दिवसात एखादं छोटं ठरलेलं काम, मूड असो नसो. आणि माणसांत जा. बँकेच्या कामानं शहरात गेलो की मी परतताना गंगावेशीत दूध कट्ट्यावर थांबतो. समोर म्हशीची धार काढतात, फेसाळलेलं कोमट दूध ग्लासात येतं, शेजारी अनोळखी माणसं मिशीचा फेस पुसत उभी असतात. कुणी काही विचारत नाही, पण आपण एकटे नसतो. तुमच्या गावात असं जे ठिकाण असेल तिथं जाऊन नुसतं उभं राहा. मजा आली पाहिजे अशी अट घालू नका. आनंद मिळालाच पाहिजे म्हणून मागं लागलेल्या माणसाला चांगल्या प्रसंगातही कमीच आनंद वाटतो, असं २०११ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

पैशाचं बोलतो, कारण ते माझं काम आहे. कर्जाचा हप्ता असेल तर तो थकण्याआधी बँकेत लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून मिळते का विचारा. थकल्यावर गेलेल्यापेक्षा आधी आलेल्या माणसाचं ऐकून घेतलं जातं, हे मी टेबलाच्या या बाजूनं सांगतोय. राहिलेला पगार, पीएफ, लागू असेल तर ग्रॅच्युइटी, हे कागद एकट्यानं करायला बसू नका. आत्ता तुमचं डोकं त्याला नाही. हिशेबात चांगलं असलेलं घरातलं कुणीतरी शेजारी बसवा.

दोन आठवड्यांच्या वर रोजच मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच जीव लागत नसेल तर तो आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा. जगूच नये असा विचार आला तर सकाळ व्हायची वाट बघू नका, घरच्यांना उठवा. सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि घरच्यांवर रागावू नका. त्यांना तुमचं बघवत नाही म्हणून ते बोलतात. ‘मला आनंदी राहा म्हणू नका, त्यापेक्षा सोमवारी माझ्याबरोबर बँकेत चला’ असं त्यांना सरळ सांगा. बहुतेक येतील.