बार्शीजवळच्या आमच्या मक्यात रानडुकरं शिरतात. पुण्याच्या मित्राकडे परवान्याची बंदूक आहे, त्याला शिकारीला बोलावू का?

नाही, बोलावू नका; हौशी शिकारीचा परवाना आपल्याकडे कुणालाच मिळत नाही, मग तो पुण्याचा असो की बार्शीचा. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शस्त्र बाळगायची मुभा, जनावर मारायची नव्हे. विनापरवानगी मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तुम्ही बोलावलंत म्हणून तुम्हीही अडकाल. एकच वाट आहे: कलम ११ नुसार उभ्या पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायची परवानगी वनखात्याचा अधिकृत अधिकारी कारणं नमूद करून लेखी देऊ शकतो. त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज करा, सोबत सातबारा आणि नुकसानीचे फोटो जोडा. पण अशा परवानगीने मारलेलं डुक्करही सरकारी मालमत्ता ठरतं, मटण वाटून घेता येत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत तर नियम आणखी कडक आहेत, तिथे बंदूक घेऊन पाऊलही टाकू नका.

तुमचं नुकसान खरं आहे, मका एका रात्रीत आडवा होतो. म्हणून भरपाईचा अर्ज आधी करा, पंचनाम्याआधी पीक हलवू नका. आणि कृपा करून कुंपणात वीज सोडू नका. पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीच त्यात जायचा.